घरगुती बिअरनिर्मिती : पहिला घाणा

माल्ट (मोड आणून वाळवलेले जव), हॉप्स (एका वेलीची कडवट फुले), यीस्ट (साखर आंबवून अल्कोहोल करणारा सूक्ष्म जीव) आणि पाणी या चार जिनसांपासून स्वतःच्या स्वयंपाकघरात, विकण्यासाठी नव्हे तर पिण्यापुरती बिअर तयार करणे म्हणजे घरगुती बिअरनिर्मिती. हौशी मंडळींचा नेहमीचा घाणा १९ किंवा २३ लिटरचा असतो. पहिले माप ५ अमेरिकन गॅलनचे, दुसरे ५ ब्रिटिश गॅलनचे. पहिल्यांदाच करणाऱ्याने या आकड्यांच्या नादी लागू नये. ५ लिटरचा घाणा घरातल्या मोठ्या पातेल्यात उकळता येतो, लवकर थंड होतो आणि बिघडलाच तर टाकून देताना जीव फारसा हळहळत नाही.

शेगडीवरचे काम दोन-अडीच तासांत आटोपते. बिअर मात्र त्यापुढच्या चार-पाच आठवड्यांत बनते, आणि ती बनवतो यीस्ट. माणूस त्याच्यासाठी फक्त गोड काढा तयार करून देतो. नवखा माणूस हॉप्सच्या जाती आणि माल्टचे प्रकार यांवर रात्री जागवतो. पहिला घाणा बिघडतो तो बहुतेक वेळा शेगडी बंद झाल्यानंतर, अस्वच्छ भांड्यामुळे, खोलीच्या उकाड्यामुळे किंवा बाटल्या भरण्याच्या घाईमुळे.

पूर्वपीठिका

घरी बिअर करणे ही नवी हौस नाही; नवा आहे तो कारखाना. सुमेरियन लोकांच्या निनकासी या मद्यदेवतेचे इ.स.पू. १८०० च्या सुमाराचे स्तोत्र उपलब्ध असून त्यात बिअर करण्याच्या कृतीचेच वर्णन आहे. मध्ययुगीन युरोपात हे काम घरोघरी चाले आणि ते बव्हंशी बायकांच्या हाती होते. बव्हेरियातल्या १५१६ च्या प्रसिद्ध शुद्धता-कायद्याने बिअरमध्ये पाणी, जव आणि हॉप्स एवढेच घालण्याची मुभा दिली. त्यात यीस्टचा उल्लेख नाही, कारण आंबवणारा जीव म्हणून ते तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हते. लुई पाश्चर यांचा बिअरवरील ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सेन यांनी एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट बिअरनिर्मितीत वापरात आणले. आज घरगुती घाण्यात रिकामी केली जाणारी कोरड्या यीस्टची पुडी ही त्याच कामाची पुढची पायरी.

कायद्याने या छंदाला बराच काळ अडवून धरले होते. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरगुती बिअरलाही परवाना लागे. ती अट १९६३ मध्ये उठली. अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी संपली तेव्हा घरगुती वाइनला सूट मिळाली, बिअर मात्र राहून गेली. तिला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर जिमी कार्टर यांची सही झाली ती १९७८ मध्ये. जपानमध्ये १ टक्का किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असलेले पेय विनापरवाना घरी आंबवणे अजूनही बेकायदा आहे. तेव्हा सामान आणण्यापूर्वी आपल्या ठिकाणचा अबकारी कायदा पाहणे हीच पहिली पायरी. ऊर्ध्वपातन करून कडक दारू काढणे ही वेगळीच गोष्ट. ते जवळपास सगळीकडे विनापरवाना गुन्हा आहे आणि धोक्याचेही. बिअरमध्ये नुसते आंबवणे असते, आणि धान्य आंबवून केलेल्या बिअरमध्ये मिथेनॉलचे प्रमाण नगण्य असते.

जिन्नस

जव भिजवून, मोड आणून, भट्टीत वाळवले की त्याचे माल्ट होते. मोड येताना दाण्यात तयार झालेली विकरे (एन्झाइम) पुढे गरम पाण्यात पिष्टाची (स्टार्चची) साखर करतात. भरडलेले माल्ट ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले की पाणी गोड होते. मग चोथा गाळून काढायचा. तापमान या पट्ट्याच्या खालच्या टोकाला राहिले तर बिअर कोरडी होते, वरच्या टोकाला गेले तर अंगाने भरीव. हा सगळा खटाटोप पहिल्या घाण्यात टाळता येतो, कारण माल्टचा अर्क पाक किंवा पूड या रूपात तयार मिळतो. अर्क वापरणे म्हणजे फसवणूक असे मानणारे कट्टर लोक आहेत. त्यांच्याकडे काणाडोळा करावा. अर्कातून उत्तम बिअर होते.

हॉप्स ही एका वेलीची मादी फुले. ती बहुधा दाबून केलेल्या हिरव्या गोळ्यांच्या रूपात मिळतात. त्यांतली अल्फा आम्ले उकळत्या काढ्यात रूप पालटतात आणि कडवटपणा देतात. त्याला तासभर लागतो. सुगंधी तेले मात्र तेवढ्या वेळात उडून जातात. म्हणून कडवटपणासाठीचे हॉप्स उकळीच्या आरंभी आणि वासासाठीचे शेवटच्या पाच मिनिटांत घालतात. घरात कुत्रा असेल तर वापरलेल्या हॉप्सचा गाळ त्याच्या तोंडी लागणार नाही असा टाकावा. हॉप्स कुत्र्यांच्या जिवावर बेततात.

पाणी पिण्याजोगे असले की पुरे. फक्त त्यात क्लोरिन नको, कारण त्यातून औषधी, दवाखान्यासारखा वास तयार होतो. क्लोरिन उकळल्याने जाते. क्लोरामाइन जात नाही, त्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची चिमूट घालावी लागते.

उकळ

५ लिटरच्या फिक्या एलसाठी (एल म्हणजे उबदार तापमानात आंबवलेली बिअर) ६०० ग्रॅम कोरडा माल्ट अर्क, ५ टक्के अल्फा आम्लाचे १० ग्रॅम हॉप्स, वासासाठी आणखी ५-६ ग्रॅम आणि एलचे यीस्ट एवढे लागते. तासाभरात बरेच पाणी वाफेवर जाते, म्हणून साडेसहा-सात लिटर पाणी घ्यावे. अर्क घालताना आच बंद करावी, नाहीतर तो तळाशी बसून करपतो आणि करपट चव शेवटपर्यंत राहते.

उकळी फुटायच्या बेताला पातेल्यापाशीच उभे राहावे. पृष्ठभागावर तपकिरी फेसाची जाड साय धरते, मधोमध फुगते आणि क्षणात काठावरून बाहेर येते. शेगडीवर सांडलेला हा चिकट काढा वाळला की खरवडूनच काढावा लागतो. फेस चढू लागताच आच कमी करून ढवळावे. काही मिनिटांनी तो आपोआप बसतो आणि काढ्यात फाटलेल्या दुधासारखे कण तरंगू लागतात. ती प्रथिने गोठल्याची खूण. त्यात बिघडलेले काही नाही. इथपासून तास मोजायचा आणि पहिले हॉप्स घालायचे. झाकण मात्र पूर्ण लावू नये. उकळताना डायमिथिल सल्फाइड नावाचे द्रव्य वाफेबरोबर निघून जाते. झाकले तर ते परत थेंबांनी पातेल्यात पडते आणि उकडलेल्या मक्याचा वास राहतो.

आता भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून काढा शक्य तितक्या लवकर २० अंशांपर्यंत आणायचा. तो मोजपात्रात ५ लिटरपेक्षा कमी भरला तर उकळून गार केलेले पाणी घालून भर करावी.

स्वच्छता

काढा थंड झाला की नियम बदलतात. उकळत्या पातेल्यात मळका चमचा गेला तरी चालतो. थंड काढ्यात धुतलेला चमचाही चालत नाही. धुणे वेगळे आणि निर्जंतुक करणे वेगळे, आणि दोन्ही याच क्रमाने करायची असतात, कारण मळाच्या थराखाली जंतुनाशक पोचत नाही. फॉस्फोरिक आम्लावर आधारलेली किंवा आयोडीनयुक्त द्रावणे सोयीची. योग्य प्रमाणात पातळ केली तर नंतर धुवावी लागत नाहीत. आंबवण्याचे भांडे, बूच, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी झडप), नळी, गाळणी, थर्मामीटर, अगदी यीस्टची पुडी कापायची कात्रीसुद्धा त्यात बुडवून घ्यावी. भांड्याच्या नळाच्या आट्या आणि प्लास्टिकवरचे ओरखडे या जंतूंच्या आवडत्या जागा. प्लास्टिकचे भांडे काथ्याने घासण्याची सवय असेल तर ती इथे आवरावी.

एक दिलासा असा की, बिअरमधले अल्कोहोल, आम्लता आणि हॉप्स यांमुळे आजार आणणारे जंतू तिच्यात सहसा टिकत नाहीत. बिघडलेली बिअर आंबट किंवा उग्र लागते. ती ओतून द्यावी लागते, एवढेच.

आंबवण

थंड काढा उंचावरून ओतून किंवा भांडे हलवून त्यात हवा मिसळावी, कारण यीस्टला वाढीसाठी सुरुवातीला ऑक्सिजन लागतो. त्यानंतर मात्र हवा हा बिअरचा शत्रू. मग हायड्रोमीटर या तरंगत्या मापकाने विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत काढा किती दाट आहे ते, मोजून लिहून ठेवावे. वर दिलेल्या प्रमाणात ते १.०४४ च्या आसपास येते. बरीचशी हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेली असतात, गरम काढ्यात ती कमी आकडा दाखवतात. कोरड्या यीस्टची ११ ग्रॅमची पुडी २० लिटरच्या घाण्यासाठी असते, म्हणून ५ लिटरला तिचा अर्धा भाग भरपूर झाला. भांड्यात एक-पंचमांश जागा मोकळी ठेवून एअरलॉक बसवावा.

बारा ते चोवीस तासांत एअरलॉकमध्ये बुडबुडे सुरू होतात आणि काढ्यावर फेसाचा थर चढतो. कडेला तपकिरी, चिकट, कडू रेघ उमटते. दोन-तीन दिवसांनी थर खाली बसतो. नवखा माणूस याच वेळी घाबरून झाकण उघडतो. उघडू नये.

एलच्या यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात. लागर या थंडाव्यात आंबवायच्या बिअरच्या यीस्टला ८ ते १३ अंश लागतात, म्हणून थंडावा राखायची सोय नसेल तर पहिल्या घाण्यात लागरचे नाव काढू नये. जोरात आंबताना काढा स्वतःच तापतो आणि आतले तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंशांनी चढते. २५ अंशांच्या वर गेला तर बहुतेक यीस्ट जड अल्कोहोले तयार करते. अशी बिअर घशाला झोंबते. खोली गरम असेल तर भांडे पाण्याच्या परातीत ठेवून वर ओला टॉवेल गुंडाळावा. माझ्या मते पहिल्या घाण्याच्या चवीवर या एका टॉवेलचा परिणाम महागड्या हॉप्सपेक्षा जास्त होतो.

बुडबुडे थांबणे ही आंबवण संपल्याची खात्रीची खूण नव्हे. वायू झाकणाच्या फटीतूनही निसटतो. दोन आठवड्यांनी गुरुत्व मोजावे, दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजावे. आकडा तोच, १.०१० ते १.०१२ च्या घरात असेल, तर काम झाले. सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करून १३१ ने गुणले की अल्कोहोलचे टक्के मिळतात: १.०४४ वरून १.०११ वर आलेली बिअर साधारण ४.३ टक्क्यांची.

बाटल्या

बिअर या टप्प्यावर सपक, बिनफेसाची असते. बाटलीत उरलेल्या यीस्टला थोडी साखर दिली की बंद बुचाखाली वायू विरघळतो. लिटरला सुमारे ६ ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळून, थंड करून, दुसऱ्या भांड्याच्या तळाशी ओतावी आणि तिच्यावर सायफन नळीने बिअर उतरवावी. तळचा साका हलवू नये आणि बिअर खळखळू देऊ नये. हवा मिसळली तर काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्याची चव येते. बाटलीत तीनेक सेंटिमीटर जागा सोडून बूच लावावे.

आंबवण अर्धवट असताना भरलेली किंवा साखर जास्त पडलेली बाटली फुटते, आणि काचा खोलीभर उडतात. या छंदातला खरा धोका हाच. म्हणून बिअरसाठीच्या जाड काचेच्या बाटल्याच घ्याव्यात, पहिले दोन आठवडे त्या झाकणाच्या खोक्यात ठेवाव्यात आणि एक बाटली मऊ प्लास्टिकची भरावी. ती हाताला टणक लागली की वायू भरला असे समजावे. काच तपकिरी असावी. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून आलेला प्रकाश हॉप्समधली कडू द्रव्ये मोडतो आणि एक गंधकी दुर्गंध सुटतो.

चवीतले दोष

कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे ॲसिटाल्डिहाइड. बिअर यीस्टवरून लवकर काढल्याची ती खूण. लोण्याचा वास डायएसिटिलचा. यीस्टला आणखी दोन-तीन दिवस दिले असते तर तेच ते शोषून घेते. केळ्याचा वास उबदार आंबवणीतला. फिक्या एलमध्ये तो दोष ठरतो, जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये मात्र त्यासाठीच यीस्ट निवडले जाते. बिअर खराब झाली असे पहिल्या आठवड्यातल्या बाटलीवरून ठरवू नये. बाटल्या दोन आठवडे २० अंशांवर, मग दोन दिवस फ्रिजमध्ये उभ्या ठेवाव्यात आणि एका दमात ग्लासात ओताव्यात. तळाशी बोटाच्या पेराएवढी गढूळ बिअर उरली की हात थांबवावा.