कुत्र्यांचा ‘गोचीड ताप’: नाव एक, आजार तीन

मद्रासमधल्या शिकारी कुत्र्यांच्या आणि एका कोल्ह्याच्या रक्तात १९१० मध्ये सापडलेला बारीक परजीवी म्हणजे बबेसिया गिब्सोनी, गोचिडीतून पसरणाऱ्या ‘गोचीड तापा’च्या तीन कारणांपैकी एक. दुसरं कारण, एर्लिकिया हा जिवाणू, १९३५ मध्ये अल्जीरियात सापडला, तेव्हा त्याला रिकेट्सिया म्हणत. पुढे व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याचे जर्मन शेफर्ड नाकातून रक्त येऊन मरू लागले आणि जगाचं लक्ष एर्लिकियाच्या आजाराकडे गेलं.

आपल्याकडे खरा घोळ नावाचा आहे. ‘गोचीड ताप’ म्हटलं की निदान झालं, असं कुत्र्याचे पालक समजतात. एर्लिकिया पांढऱ्या पेशीत राहणारा जिवाणू, अनाप्लाझ्मा प्लेटिस प्लेटलेटमध्ये शिरणारा. बबेसिया मात्र जिवाणूच नव्हे, तांबड्या पेशी फोडणारा परजीवी. प्लेटिसलाही २००१ पर्यंत एर्लिकियाच म्हणत, त्यामुळे जुने कागद वाचताना आणखी गोंधळ. पण पहिल्या दोघांवर डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक चालतं, बबेसियावर ते एकटं पुरत नाही. म्हणजे नाव चुकलं की औषधही चुकतं.

तरी प्लेटलेट कमी दिसल्या की डॉक्सी सुरू, हा शिरस्ता पडला. कुत्रं रक्तस्रावात असेल तर तो समजण्याजोगा आहे. खटकतं ते आधी स्लाइड करून रक्त सूक्ष्मदर्शकाखाली न पाहणं. कानाच्या टोकाला सुई टोचून आलेला थेंब काचेवर पसरायचा, गिम्सा रंग द्यायचा. नशीब असेल तर पांढऱ्या पेशीत तुतीच्या फळासारखा जांभळा पुंजका दिसतो, तो एर्लिकिया. नसेल तरी प्लेटलेट खरंच कमी आहेत की त्यांच्या गुठळ्या झाल्याने मशीन चुकलंय, एवढं तरी कळतं.

नंतर आलेल्या झटपट किट बहुतेक अँटिबॉडी, म्हणजे शरीराने जंतूविरुद्ध बनवलेली प्रथिनं पाहतात, जंतू नव्हे. एर्लिकियाचा २८ दिवसांचा कोर्स संपून कुत्रं उड्या मारायला लागलं तरी किट कित्येक महिने पॉझिटिव्ह येते, आणि पालक पुन्हा डॉक्सी मागतात. पीसीआरने थेट जंतूचा डीएनए शोधता येतो, पण तो महाग.

मोठ्या आकाराच्या बबेसियावर इमिडोकार्बचं इंजेक्शन लागू पडतं. लहान आकाराचा गिब्सोनी त्याला दाद देत नाही. त्यावर अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन दहा दिवस द्यावं लागतं, तेही खिशाला जड. शिवाय बरं झालेलं कुत्रं वाहक राहू शकतं, म्हणून रक्तदानासाठी आणलेल्या धडधाकट कुत्र्याचीही आधी बबेसियाची तपासणी करतात.