मेफ्लॉवरवरची चार मोर भावंडं

1620 च्या डिसेंबरात इंग्रज वसाहतकऱ्यांना घेऊन आलेलं ‘मेफ्लॉवर’ जहाज अमेरिकेतल्या केप कॉडच्या किनाऱ्यापाशी नांगर टाकून उभं होतं. तिथे जहाजावरच जास्पर मोर नावाचा सात वर्षांचा मुलगा वारला. त्याच्या पाठोपाठ आठ वर्षांची थोरली बहीण एलेन गेली आणि चार वर्षांची धाकटी मेरीही. जगला तो एकटा रिचर्ड, तेव्हा सहा वर्षांचा. जहाजावर 102 प्रवासी होते आणि पहिल्या हिवाळ्यात त्यांतले जवळपास निम्मे दगावले, त्यामुळे मृत्यूंचं नवल नव्हतं. नवल होतं ते हे, की या चौघांसोबत आईवडील नव्हते आणि दूरचा नातेवाईकही नव्हता. इतकी लहान मुलं समुद्रापार कुणी पाठवली? या प्रश्नाचं उत्तर मिळायला तीनशेहून अधिक वर्षं लागली.

या प्रवाशांनी वसवलेल्या प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने उतारवयात प्रवाशांची यादी लिहून ठेवली. कोण कुणाच्या कुटुंबात होता, पुढे त्याचं काय झालं, असं सगळं तीत आहे. त्याचं हस्तलिखित अमेरिकन क्रांतीच्या काळात बेपत्ता झालं, पुढे लंडनच्या बिशपच्या ग्रंथसंग्रहात सापडलं आणि 1856 मध्ये पूर्ण छापलं गेलं. पूर्वजांचा शोध घेणाऱ्यांचा तो मोठा आधार झाला. बोस्टनमध्ये वंशावळींच्या अभ्यासाची संस्था 1845 पासून होतीच, 1897 मध्ये मेफ्लॉवरच्या वंशजांचीही संस्था निघाली. पण ब्रॅडफर्डच्या आठवणीनेही दगा दिला होता. सहप्रवासी ब्रूस्टर कुटुंबाकडे रिचर्ड आणि त्याचा ‘एक भाऊ’ होता, असं तो लिहितो. तो भाऊ नव्हता, ती मेरी होती.

ही मुलं लंडनच्या रस्त्यावरची अनाथ पोरं असावीत, असा समज बराच काळ होता. तो निराधार म्हणता येणार नाही, कारण त्याच सुमारास लंडन शहराने निराश्रित मुलं व्हर्जिनियाला धाडली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडविन हिल या संशोधकाने इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यातल्या शिप्टन गावच्या चर्चच्या नोंदी पाहिल्या. तिथे चारही बाप्तिस्मे ओळीने होते: एलेन 1612, जास्पर 1613, रिचर्ड 1614, मेरी 1616. वडिलांचं नाव सॅम्युएल मोर. घराणं जमीनदारांचं, खाऊनपिऊन सुखी. ही मुलं अनाथ नव्हती. मग गूढ सुटण्याऐवजी वाढलंच.

1959 मध्ये वंशावळतज्ज्ञ अँथनी वॅग्नर यांच्या आग्रहावरून, सॅम्युएलचेच वंशज असलेल्या जास्पर मोर यांनी घराच्या माळ्यावरची जुनी कागदपत्रं उलगडली. त्यांत 1622 सालचं एक निवेदन निघालं, खुद्द सॅम्युएलने दिलेलं.

श्रॉपशायरमधल्याच लार्डनच्या मोर घराण्यात वारस मुलगा उरला नव्हता. जमीन घराण्यातच राहावी म्हणून तिथल्या कॅथरीनचं लग्न 1611 मध्ये लिनलीच्या मोरांकडचा, दूरच्या नात्यातला भाऊ सॅम्युएल याच्याशी लावून दिलं. तो सतरा वर्षांचा, ती त्याच्याहून बरीच मोठी. पाच वर्षांत चार मुलं झाली. सॅम्युएल लॉर्ड झूश यांच्याकडे सचिव होता आणि बराच काळ लंडनला असे. मुलांची तोंडवळी जेकब ब्लेकवे या शेजारच्या कुळासारखी दिसतात, असं म्हणत 1616 मध्ये त्याने मुलांना वारसाहक्कातून वगळणारा दस्त केला आणि त्यांना आईपासून तोडून आपल्या वडिलांच्या एका कुळाच्या घरी ठेवलं. निवेदनात लिहिलं आहे की कॅथरीन वारंवार तिथे जायची, शिव्याशाप द्यायची, मुलांच्या अंगावरचे कपडे फाडायची. ब्लेकवेशी आपला आधीच, एकमेकांना वचन देऊन, विवाह झाला होता, साक्षीदारांनी तो सिद्ध करता येत नसला तरी देवापुढे तो खराच, असं ती म्हणाल्याचंही त्यात आहे.

इथे मला थांबावंसं वाटतं. हा कागद जन्मला तोच मुळी तिच्या अर्जामुळे: माझी मुलं कुठे नेली, याचा जाब तिने सरन्यायाधीश जेम्स ली यांच्याकडे मागितला आणि सॅम्युएलने हे उत्तर दिलं. तिचं म्हणणं आपल्यापर्यंत येतं ते प्रतिपक्षाच्या तोंडून. कपडे फाडणारी बाई असं तो लिहितो; मला तर तिथे मुलांना घट्ट धरून ओढणारी आई दिसते.

1620 च्या जुलैत सॅम्युएलने मुलं लंडनला पाठवून वसाहतीच्या माणसांच्या हवाली केली. खर्च 100 पौंड. बोली अशी की सात वर्षं त्यांना खायला-ल्यायला मिळेल आणि मुदत संपल्यावर प्रत्येकी 50 एकर जमीन. प्रवाशांपैकी जास्पर कार्व्हरकडे, एलेन विन्स्लोकडे, रिचर्ड आणि मेरी ब्रूस्टरकडे, अशी वाटणी झाली. कॅथरीनने अर्ज केला तोवर तीन मुलं मातीखाली गेली होती.

रिचर्ड मोठा होऊन जहाजाचा कप्तान झाला. 1636 मध्ये त्याने क्रिश्चन हंटरशी लग्न केलं आणि अमेरिकेतल्याच सेलम गावी घर केलं. 1645 मध्ये लंडनजवळच्या स्टेपनीच्या चर्चमध्ये, पहिली बायको हयात असताना, एलिझाबेथ वूल्नो हिच्याशी त्याचं दुसरं लग्न नोंदलेलं आहे. 1688 मध्ये परस्त्रीसंबंधांच्या आरोपावरून सेलमच्या चर्चने त्याला बहिष्कृत केलं. सेलमच्या दफनभूमीत त्याचा दगड आजही मूळ जागी आहे. मेफ्लॉवरच्या प्रवाशांपैकी असा हा एकच. त्यावर मृत्यूचं साल 1692 असं मागाहून कोरलं गेलं, पण 1694 मध्ये तो जिवंत असल्याची नोंद कागदोपत्री आहे.

अमेरिकेतले त्याचे वंशज आज इंग्लंडच्या राजघराण्यापर्यंत आपली वंशरेषा नेतात. ती रेषा कॅथरीनच्या बाजूने जाते. बाप सॅम्युएल असो की ब्लेकवे, तिच्यात काहीही फरक पडत नाही.