धुपीचे गणित आणि 'सहनीय'चा घोळ

१९३० च्या दशकात अमेरिकेच्या मैदानांत धुळीची वादळे उठली, तेव्हा प्रश्न माती अडवण्याचा होता. पुढे १९६५ मध्ये आलेले आणि १९७८ मध्ये सुधारलेले यूएसएलई (युनिव्हर्सल सॉइल लॉस इक्वेशन) हे मातीच्या धुपीचे समीकरण पाऊस, मातीचा प्रकार, उतार, पीक व बांधबंदिस्ती यांवरून एकरी किती टन माती जाईल ते सांगू लागले. त्या मातीबरोबर पीक किती घटले, हे त्यातून कळत नव्हते.

टनांचा अर्थ लावायला 'सहनीय धूप', म्हणजे वर्षाला किती माती गेली तरी चालेल ती मर्यादा, ही संज्ञा वापरात होती. तिच्या व्याख्येत दोन अटी एकत्र बांधल्या आहेत: उच्च उत्पादकता परवडणाऱ्या खर्चात टिकावी आणि ती अनिश्चित काळ टिकावी. या दोन अटी एकमेकींशी भांडतात. आज परवडते ते कायम टिकेलच असे नाही. कमाल मर्यादा ठरली एकरी वर्षाला ५ टन, म्हणजे हेक्टरी सुमारे ११ टन. एक मिलिमीटर थर हेक्टरी साधारण १३ टन भरतो, म्हणून वर्षाचे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. शंभर वर्षांत मात्र साडेआठ सेंटिमीटर माती जाते, म्हणजे नांगरटीच्या थराचा जवळपास निम्मा भाग. खडकापासून नवी माती बहुतेक ठिकाणी याहून कितीतरी हळू तयार होते. ज्या मर्यादेत जमीन झिजतच राहते, तिला सहनीय म्हणणे मला चुकीचेच वाटते.

अमेरिकेत १९७७ च्या कायद्याने देशभरच्या माती-पाण्याचा आढावा सक्तीचा केला आणि धुपीने पीक किती घटते हे सांगणाऱ्या दीर्घकालीन मॉडेलची निकड भासली. १९८० च्या दशकात 'एपिक' हे संगणकीय मॉडेल आले. हवामान, धूप, अन्नद्रव्ये आणि पिकाची वाढ ते रोजच्या रोज मोजत शंभर वर्षे पुढे जाते. त्याच सुमारास आलेला उत्पादकता निर्देशांक मुळांच्या थरातील उपलब्ध पाणी, घनता आणि आम्लता पाहतो. खोल, एकजिनसी मातीत धुपीमुळे होणारी पिकाची घट नगण्य निघाली. मुळांखाली खडक किंवा घट्ट थर असलेल्या जमिनीत ती मोठी होती.

पडताळणीसाठी काही ठिकाणी वरचा थर यंत्राने खरवडून पीक घेतले गेले. नैसर्गिक धुपीच्या तुलनेत इथे घट जास्त भरते, कारण पाणी माती हळूहळू नेते, तर खरवडणीत सगळा थर एकदम जातो. शिवाय खत आणि सुधारित वाण घट झाकतात. मॉडेलमध्ये खताचा पुरवठा आपोआप होऊ दिला की धूप निरुपद्रवी भासते. खताने नत्र भरून निघते, पण गेलेल्या थराची पाणी धरण्याची ताकद परत येत नाही, आणि ते कोरड्या वर्षाच्या आकड्यांत दिसते.