किलोग्रे की मेगारॅड? डोसचा दाखला वाचताना

आमच्या केंद्रात गामा विकिरण दिलेल्या मालाचा डोस, म्हणजे मालाने किरणांतून शोषलेली ऊर्जा, आम्ही दाखल्यावर किलोग्रेमध्ये लिहितो. खरेदीदाराच्या जुन्या स्पेसिफिकेशनमध्ये, विशेषतः अमेरिकेतल्या, तोच डोस रॅड या जुन्या एककात, म्हणजे किलोरॅड किंवा मेगारॅडमध्ये असतो. दोन्ही कागद जुळवताना गुणाकार-भागाकार कोणाचा चुकत नाही. चुकतात ते किलो, मेगा असे उपसर्ग, आणि त्याहून जास्त गोची होते ती दशांश कापून आकडा छोटा करून लिहिल्याने.

मूळ हिशेब

एक किलो पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली की डोस झाला १ ग्रे. १ ग्रे म्हणजे १०० रॅड. यातून रोजच्या वापरासाठी एकच सवय लावून घ्या: ग्रेचे किलोरॅड करायचे असोत किंवा किलोग्रेचे मेगारॅड, दहाने भागा. उलट जायचे तर दहाने गुणा.

कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून ६० ते ९० ग्रे, म्हणजे ६ ते ९ किलोरॅड.
अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किमान ४०० ग्रे, म्हणजे ४० किलोरॅड.
ताज्या फळांसाठी आणि भाज्यांसाठी तिथली सर्वसाधारण कमाल मर्यादा १ किलोग्रे, म्हणजे १०० किलोरॅड.
सिरिंज, ड्रेसिंग अशा मालाच्या निर्जंतुकीकरणाचा नेहमीचा डोस २५ किलोग्रे, म्हणजे २.५ मेगारॅड.

रुग्णालयातल्या रेडिओथेरपीच्या कागदांवर सेंटिग्रे दिसतो. १ सेंटिग्रे म्हणजे बरोबर १ रॅड, तिथे काही करावे लागत नाही.

उपसर्गात होणाऱ्या चुका

किलोग्रेचे किलोरॅड करताना शंभराने गुणायचे असते. घाईत हजाराने गुणले जाते, कारण ‘किलो’ डोळ्यासमोर असतो. दुसरी चूक लिहिण्याची आहे. रॅडच्या आधी मोठा एम लिहिला तर मेगा, छोटा लिहिला तर मिली. दोघांत अब्जपटीचा फरक. ई-मेलमध्ये सगळी अक्षरे छोटी टाइप करणाऱ्यांनी उपसर्ग शब्दात पूर्ण लिहावा.

बदललेला आकडा शक्य कोटीतला आहे का, हे उष्णतेवरून पडताळता येते. १ किलोग्रे डोसने पाण्याचे तापमान जेमतेम ०.२४ अंश सेल्सिअस वाढते. २५ किलोग्रेने सुमारे ६ अंश. कोणी २५ किलोग्रेच्या जागी २५ मेगारॅड लिहिले तर ते झाले २५० किलोग्रे, म्हणजे पाणी ६० अंशांनी तापायला हवे. मालाचे काय होईल ते वेगळेच: सिरिंजचे प्लास्टिक, म्हणजे साधे पॉलिप्रोपिलीन, २५ किलोग्रेलाही ठिसूळ होऊ लागते, म्हणूनच सिरिंजसाठी विकिरण सहन करणारी ग्रेड वापरतात.

आधी तपासा, मग आकडा छोटा करा

आंब्याच्या एका खोक्यात जिथे सर्वांत कमी डोस मिळतो तिथे ३९२ ग्रे आला असे समजा. किलोग्रेमध्ये एकाच दशांश स्थळापर्यंत लिहिले की ०.४, आणि तिथून ४० किलोरॅड. कागदावर माल पास, प्रत्यक्षात ८ ग्रे कमी. म्हणून मर्यादेशी तुलना नेहमी मूळ आकड्याची करा. लिहिताना आकडा छोटा करायचाच असेल तर किमान डोस खालच्या बाजूला आणि कमाल डोस वरच्या बाजूला न्या.

दाखल्यावर किमान आणि कमाल असे दोन आकडे का, हा प्रश्न नेहमी येतो. खोक्याच्या मध्यापर्यंत पोचताना गामा किरण मालातच शोषले जातात, त्यामुळे बाहेरच्या थराला जास्त आणि आतल्याला कमी डोस मिळतो. खोके जितके जड आणि दाट भरलेले, तितकी ही तफावत मोठी. दोन्ही आकडे स्वतंत्रपणे बदला. सरासरी काढून एकच आकडा कळवू नका. खोक्यावरचा पिवळ्याचा लाल होणारा स्टिकर माल विकिरणातून गेला एवढेच सांगतो. त्यावरून डोस मोजता येत नाही, तो डोसिमीटरवरूनच, म्हणजे डोस मोजणाऱ्या साधनावरूनच.

जे बदलता येत नाही

सिव्हर्ट आणि रेम ही माणसाला होणाऱ्या अपायाच्या हिशेबाची एकके आहेत. मालाच्या दाखल्यावर ती नसावीत. राँटजेन हे हवेतल्या आयनीकरणाचे माप. १ राँटजेनला हवेत सुमारे ०.८७६ रॅड डोस मिळतो, पण दुसऱ्या पदार्थात हा आकडा बदलतो.

इलेक्ट्रॉनिक भाग पाठवणाऱ्यांनी इथे थांबून वाचावे. आमचे डोसिमीटर पाण्यातल्या डोसवर कॅलिब्रेट केलेले असतात, तुमची स्पेसिफिकेशन बहुधा सिलिकॉनमधल्या रॅडची असते. आमचा गामा स्रोत असलेल्या कोबाल्ट-६० च्या किरणांत सिलिकॉनला पाण्यापेक्षा सुमारे १० टक्के कमी डोस मिळतो. नुसते शंभराने गुणून हा फरक भरून निघत नाही. ऑर्डरवर ‘सिलिकॉनमध्ये’ असे स्पष्ट लिहा, आम्ही त्यानुसार वेळ ठरवतो.

वेळेवरून डोस काढू नका. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल, म्हणजे ताकद निम्मी व्हायला लागणारा काळ, ५.२७ वर्षे आहे, म्हणजे स्रोत दरमहा साधारण १ टक्का क्षीण होतो. मागच्या वर्षीच्या मिनिटांत यंदा तेवढा डोस बसत नाही. ऑर्डरवर मिनिटे नकोत. किमान डोस, कमाल डोस, एकक, खोक्याची मापे आणि भरलेल्या खोक्याचे वजन, एवढे द्या.