बियाणं राखणाऱ्या पेशी

शेतकरी कितीही अडला तरी कणगीतलं सगळं धान्य दळत नाही. पुढच्या पेरणीचं बियाणं बाजूला ठेवतो. पुरुषाच्या वृषणातही हाच हिशेब चालतो. तिथे दर सेकंदाला हजारभर शुक्राणू तयार होतात, आणि एकेकाच्या घडणीला सुमारे ७४ दिवस लागतात. (म्हणून औषध सुरू केल्यावर पंधरा दिवसांतच वीर्यतपासणीला धावण्यात काही हशील नसतं.) हे सगळं पीक ज्यांच्यावर उभं असतं, त्या थोड्याशा मूलपेशी. त्यांनी शुक्राणू घडवायला पेशी पुरवायच्या, पण स्वतःची संख्याही राखायची.

हे राखणं बिघडलं तर काय होतं, ते एका उंदराने दाखवलं. ‘लक्सॉइड’ जातीच्या या उंदरांना मागच्या पायाला जादा बोटं असतात. तरुणपणी त्यांच्यात थोडेफार शुक्राणू बनतात. मग वृषणातली शुक्राणू बनवणारी एकेक नलिका रिकामी होत जाते. २००४ साली कारण कळलं : पीएलझेडएफ या जनुकात बिघाड. या उंदरांच्या मूलपेशी निरोगी वृषणात सोडल्या, तरी तिथे रुजल्या नाहीत. म्हणजे दोष जमिनीत नव्हता, बियाण्यात होता.

जमिनीचंही महत्त्व आहेच. शेजारच्या सर्टोली पेशी जीडीएनएफ नावाचं प्रथिन पुरवतात. उंदरांत ते निम्म्यावर आणलं तर मूलपेशी संपत जातात. भरमसाट वाढवलं तर नुसतं बियाणंच साठतं, पीक येत नाही.

माणसात मात्र जास्त वेळा सापडतो तो वाय गुणसूत्राचा गळलेला तुकडा. १९७६ मध्ये इटलीतल्या दोन संशोधकांनी शुक्राणू नसलेल्या ६ पुरुषांत तो पहिल्यांदा दाखवला. वायवर एकसारखा मजकूर पुन्हापुन्हा येतो, काही ठिकाणी तर ‘चिमा काय कामाची’सारखा उलटसुलट. त्यात एका प्रतीची दुसरीशी गल्लत होते आणि मधली डीएनएची सुमारे ३५ लाख अक्षरं एकदम उडतात. हा एझेडएफसी भाग. तो गेलेल्या अनेकांच्या वृषणात शोधल्यास थोडे शुक्राणू मिळतात. वायवरचाच एझेडएफए हा दुसरा भाग पूर्ण गेला असेल तर मिळत नाहीत, आणि शस्त्रक्रियेचा खटाटोप टळतो. कोणता भाग गेलाय हे कळायला रक्ताची एक तपासणी पुरते. आपल्याकडे ती सुनेचे सगळे नवस, सोनोग्राफ्या नि दुर्बिणी उरकल्यावर कुणाला तरी आठवते.

एझेडएफसीवाल्या बापाचा शुक्राणू इक्सी पद्धतीने बीजांडात सोडून मूल होऊ शकतं. मुलगी झाली तर प्रश्नच नाही, तिला बापाचा वाय मिळतच नाही. मुलगा झाला, तर तोच तुटका वाय त्याच्याकडे जातो.