पिशवी उघडल्यानंतरचा अर्धा तास

कोलकात्याहून मागवलेले दहा टेट्रा, म्हणजे काचेच्या टाकीत पाळायचे छोटे शोभेचे मासे, पुण्यात पोचायला दोन दिवस लागले. थर्मोकोलचा खोका उघडला तेव्हा दहाही जिवंत होते. मी पिशवीचं रबर सोडलं आणि माशांना नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून टाकीतलं पाणी बारीक नळीने थेंब थेंब पिशवीत सोडत बसलो. अर्ध्या तासात मासे वर येऊन धापा टाकू लागले. संध्याकाळपर्यंत सात गेले. दोन दिवसांचा प्रवास सोसलेले जीव माझ्या घरात, माझ्याच हातून गेले, आणि ते का गेले हे कळायला मला रसायनशास्त्राकडे वळावं लागलं.

मासा शरीरातला नत्रयुक्त कचरा मुख्यतः अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे पाण्यात टाकतो. टाकीतले जिवाणू त्याची विल्हेवाट लावतात, बंद पिशवीत मात्र तो साचत जातो. पण माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइडही त्याच पाण्यात विरघळतो, त्याचं कार्बोनिक आम्ल बनतं आणि पाण्याचा पीएच, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलण्यातला सामू, उतरतो. प्रवासात माशाला तारतं ते हेच. आम्लधर्मी पाण्यात जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियम आयन होऊन राहतो आणि तो कल्ल्यांतून सहज आत शिरत नाही. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तेच प्रमाण ५ टक्क्यांवर जातं.

आता सोड्याची बाटली उघडल्यावर काय होतं ते आठवा. पिशवीचं तोंड सुटलं की कार्बन डायऑक्साइड तसाच निसटतो, सामू चढतो आणि दोन दिवस निरुपद्रवी पडून असलेला अमोनिया विषारी होऊ लागतो. मी वरून टाकीतलं जास्त सामूचं पाणी घालून त्याला हातभारच लावत होतो.

म्हणून लांबून आलेली पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्यावी. तापमान जुळलं की उघडावी, मासे जाळीने अलगद उचलून लगेच टाकीत सोडावेत, पिशवीतलं पाणी फेकून द्यावं. पाण्याची जुळवाजुळव आधी करायची असते. पाठवणाऱ्याला त्याच्या पाण्याचा सामू आणि क्षार विचारून आपलं पाणी त्याच्या जवळ आणून ठेवावं.

पाठवणाऱ्याचं कामही तितकंच नाजूक. जाणकार विक्रेते मासे आधी एक-दोन दिवस उपाशी ठेवतात. ऐकायला निर्दय वाटतं, पण पोट रिकामं असेल तर पिशवीत घाण आणि अमोनिया कमी साचतो. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन भरतात. नवख्या माणसाला वाटतं, पाणी जास्त तर मासा सुखी. प्रत्यक्षात २५ अंशांच्या एक लिटर पाण्यात हवेतला ऑक्सिजन विरघळतो जेमतेम ८ मिलिग्रॅम, आणि एक लिटर शुद्ध ऑक्सिजनचं वजन भरतं सुमारे १,३०० मिलिग्रॅम. मासा जगतो तो वरच्या वायूच्या जिवावर. फायटर (बेट्टा) माशाची गोष्ट वेगळी. तो पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेतो, त्याला साधी हवाच बरी.

पिशवीचे कोपरे रबराने बांधतात, नाहीतर लहान मासे त्यात अडकून चिरडतात. प्लेकोसारखा काटेरी मासा असेल तर दोन पिशव्यांमध्ये वर्तमानपत्र घालतात. थर्मोकोल हवा तो उन्हासाठी, कारण तापमान १० अंशांनी वाढलं की माशाची ऑक्सिजनची गरज साधारण दुप्पट होते. एप्रिल-मेमध्ये मी मासे मागवतच नाही.

आता पार्सल आलं की आधी खोलीतला दिवा मालवतो, कारण मासे दोन दिवस अंधारात असतात. जाळी आणि कात्री हाताशी ठेवतो. पिशवी कापायची वेळ सगळ्यात शेवटी येते.