‘नेक्रोनॉमिकॉन’ शोधताय? थांबा जरा

रंकाळ्यावर भेळ खाताना परवा पुन्हा तोच विषय: ‘नेक्रोनॉमिकॉन’ नावाचा जुना अरबी ग्रंथ आहे, वाचणाऱ्याला वेड लागतं, म्हणून कुलूपबंद ठेवलाय. एक पोरगा तर करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करायला निघाला होता. वाचनालय १८५० चं, म्हणजे असणारच, हा त्याचा हिशोब!

भावा, असा ग्रंथ कधी नव्हताच. अमेरिकन भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्टने तो आपल्या कथांसाठी रचला. १९२४ साली छापलेल्या एका कथेत त्याचं नाव पहिल्यांदा आलं. १९२७ मध्ये त्याने ग्रंथाचा खोटा इतिहासही लिहिला: भाषांतरं, बंदी, सगळं. मित्रलेखकांनीही तो आपापल्या कथांत घुसवला आणि अफवेला पाय फुटले. पत्रातून कुणी विचारलं तर मात्र लव्हक्राफ्ट सरळ सांगायचा, हे मी रचलंय. ग्रंथकार म्हणून दिलेलं ‘अब्दुल अल्हजरेद’ हे नाव तर अरबी व्याकरणातही बसत नाही. त्यात ‘अल’ हे अरबी उपपद (इंग्रजीतल्या ‘the’सारखं) दोनदा आलंय: ‘अब्दुल’च्या शेवटी एकदा, ‘अल्हजरेद’च्या सुरुवातीला पुन्हा.

मग विकत मिळतो तो? १९७७ मध्ये न्यूयॉर्कला कुणीतरी ‘सायमन’ या नावाने त्याच शीर्षकाचं पुस्तक काढलं. लव्हक्राफ्टला जाऊन तेव्हा ४० वर्षं झाली होती.